अ‍ॅबलोनच्या अळ्या तळाला बसत नाहीत? गॅबा वाढवण्याआधी एवढं तपासा

अ‍ॅबलोन या समुद्री गोगलगायीच्या अळ्या हॅचरीत, म्हणजे पिल्लं तयार करण्याच्या केंद्रात, पोहणं सोडून तळाला चिकटत नाहीत तेव्हा दिसणारी लक्षणं आधी सांगतो. तुमच्या टाकीत यातलं नेमकं कोणतं चाललंय ते ओळखलंत, तर पुढचं निम्मं काम वाचतं.

पहिलं लक्षण: दिवस भरले तरी अळ्या वरच फिरतायत. टॉर्च आडवी धरली की पाण्यात बारीक रवा उधळल्यासारखा दिसतो आणि तळ मात्र रिकामा.

दुसरं: अळ्या खाली येतात, पाय बाहेर काढून थोडं सरपटतात, जागा चाचपतात आणि परत पोहायला लागतात. दिवसभर हेच.

तिसरं: गॅबा, म्हणजे अळ्यांना बसायला लावणारं रसायन, घातल्यावर तासाभरात सगळ्या खाली जातात, आपण खूश होऊन घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या परत वर, निम्म्या मेलेल्या.

चौथं: बसतात, चिकटतात, पोहण्याचा पंखा (व्हेलम) तोही गळतो, पण तीन-चार दिवसांनी शंखाची नवी कड दिसत नाही. आठवड्याभरात अळ्या बसवायच्या पाट्या मोकळ्या होतात.

मी रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकलो आणि गेली नऊ वर्षं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाल अ‍ॅबलोनच्या हॅचरीत काम करतोय. या चार तक्रारी दर हंगामात येतात. आमच्याकडेही येतात आणि आपल्याकडची शिकणारी मुलं फोटो पाठवून विचारतात तेव्हाही हीच चार चित्रं असतात. आणि जवळपास प्रत्येकाने मला विचारण्याआधी एकच गोष्ट करून बघितलेली असते, ती म्हणजे गॅबाचा डोस वाढवणं. हे लिहायचं कारण तेच. अळी बसत नाही तेव्हा औषध कमी पडलंय असं क्वचितच असतं. बहुतेक वेळा अळी तयार नसते, नाहीतर तिला तो संकेत आपण नको तेव्हा आधीच देऊन ठेवलेला असतो.

थोडं मूळ सांगतो, म्हणजे पुढचा क्रम पटेल. अ‍ॅबलोन दिसतं एका शिंपेसारखं, पण ती समुद्री गोगलगाय आहे. तिची अळी, पाठ्यपुस्तकात जिला डिंभ म्हणतात ती, जेमतेम पाव मिलिमीटरची असते आणि काहीही खात नाही. अंड्यातून मिळालेल्या बलकावर तिचा सगळा प्रवास. निसर्गात ती खडकावरच्या गुलाबी, दगडासारख्या कडक कोरलाइन शेवाळाला टेकली की पोहणं सोडते आणि तिचं रूपांतर सुरू होतं. कोकणात खडकावर कालवं अंगाला अंग लावून बसलेली आपण लहानपणापासून बघतो. त्यांनीही अळीच्या वयात जागा अशीच पारखलेली असते. फरक एवढाच की कालवाची अळी आपल्या जातभाईंचा माग काढते आणि अ‍ॅबलोनची अळी शेवाळाचा. डॅनियल मोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली दाखवलं की गॅबा नावाचं साधं अमिनो आम्ल, जे आपल्या मेंदूतही संदेश नेण्याचं काम करतं, ते पाण्यात अगदी थोडं घातलं तरी लाल अ‍ॅबलोनची अळी शेवाळ मिळाल्यासारखी वागते. तेव्हापासून गॅबाची बाटली हॅचरीच्या फ्रीजमध्ये आली. पण ती नक्कल आहे. नक्कल ओळखायलाही अळीचं नाक शाबूत लागतं.

आता तपासण्या. आधी फुकटच्या, मग खर्चाच्या.

खरंच बसल्यात की नुसत्या पडल्यात?

तिसरं लक्षण असेल तर इथूनच सुरुवात करा. पिपेटमध्ये टाकीतलंच पाणी घ्या आणि तळावर हलकीशी धार सोडा. बसलेली अळी पायाने घट्ट धरून राहते, जागची हलत नाही. पडलेली अळी धुळीसारखी उडते. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पडलेली अळी कुशीवर असते, शंख मिटलेला, झाकणी लावलेली. तिला गुंगी आली आहे, ती बसलेली नाही. याचा सरळ अर्थ डोस जास्त झालाय किंवा पाण्यात काहीतरी विषारी आहे.

खरं रूपांतर एकदा डोळ्यांनी बघून ठेवा, मग फसगत होत नाही. थेंबभर पाण्यात बसलेली अळी घ्या आणि व्हेलमकडे बघत राहा. व्हेलम म्हणजे तिचा पोहण्याचा केसाळ पंखा. त्याच्या कडेच्या केसाळ पेशी एकेक करून सुटायला लागतात. सुटलेली पेशीसुद्धा थोडा वेळ केस हलवत राहते आणि थेंबात स्वतःभोवती गरगर फिरते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं पाण्यात भलतेच प्राणी शिरलेत. एकदा पंखा गळला की परत पोहणं नाही. पुढच्या दोन-तीन दिवसांत शंखाच्या तोंडाशी नवी कड येते. जुना शंख आणि ही कड यांच्यातली रेघ स्पष्ट दिसते. ती रेघ दिसेपर्यंत आमच्या वहीत "बसल्या" असं कोणी लिहीत नाही.

वय आणि तापमान

पहिल्या लक्षणाचं सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण हेच आहे. लाल अ‍ॅबलोनची अळी १५ अंश सेल्सिअसला साधारण सात दिवसांत बसायला तयार होते. पाणी दोन अंश गार असेल तर जास्त दिवस लागतात, गरम असेल तर कमी. रात्री चिलर किती खाली जातो हे थर्मामीटर लावून बघा. दिवसा दुपारी घेतलेली नोंद खरं सांगत नाही. एका सहकाऱ्याच्या तीन तुकड्या लागोपाठ "बिघडल्या" होत्या. टाकी रात्री १२ अंशांवर जात होती, बाकी काही नाही.

इंटरनेटवरून दिवसांचा आकडा उचलताना जात कोणती ते बघा. हॅलिओटिस असिनिनासारख्या उष्ण पाण्यातल्या जातीला तीन-चार दिवस पुरतात. आपल्याकडे मन्नारच्या आखातात मिळणाऱ्या हॅलिओटिस वारियावर काम करणाऱ्यांनी माझा सात दिवसांचा हिशेब घेऊ नये.

कॅलेंडरपेक्षा अळीकडे बघणं चांगलं. डोळ्याचे ठिपके गडद झालेत का, पाय नीट वाढून ती तळ चाचपते का, पोहणं आणि सरपटणं आलटून-पालटून करते का. डोक्यावरच्या स्पर्शिकांवर बारीक नळ्यांसारखे उंचवटे येतात. तिसरा उंचवटा दिसायला लागला की आम्ही तुकडी तयार धरतो. वीस अळ्या बघा. पंधरा-सोळा तरी अशा हव्यात. निम्म्याच तयार असतील तर एक दिवस थांबा.

मात्र थांबण्यालाही मर्यादा आहे. तयार झालेली अळी जागा मिळेपर्यंत काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही, तग धरते. पण तो सगळा खर्च बलकातून जातो. उशिरा बसलेली अळी रूपांतर करते आणि मग खायला शिकेपर्यंत अंगात काही उरत नाही. चौथ्या लक्षणाचं हे एक मोठं कारण आहे.

पाणी किती हलतंय, उजेड किती आहे

यालाही पैसा लागत नाही. अ‍ॅबलोनची अळी संकेत ओळखते तो स्पर्शाने. शेवाळाचा संकेत त्याच्या पृष्ठभागाला धरून असतो, तिला तिथे जाऊन टेकावं लागतं. सगळ्या समुद्री गोगलगायींचं असं नसतं. हवाईत पोराइट्स कॉम्प्रेसा नावाच्या प्रवाळावर जगणारी फेस्टिला सिबोगी ही बिनशंखी गोगलगाय आहे. तिच्या अळीला प्रवाळातून पाण्यात विरघळून आलेला संकेत लागला की ती काही सेकंदांत पोहणं थांबवते, पंखा मिटते आणि खाली बुडते. वाहत्या पाण्यातच तिला "इथे उतर" हे कळतं. अ‍ॅबलोनला ती सोय नाही. त्यामुळे बसवण्याच्या दिवशी हवेचा दगड जोरात चालू असेल तर अळ्या पाट्यांपर्यंत पोचतात आणि टेकायच्या आत उडवल्या जातात. दुसरं लक्षण हुबेहूब असंच दिसतं.

पाण्याची ये-जा पहिला एक-दीड दिवस बंद ठेवा, हवा अगदी मंद ठेवा आणि टाकीवर काळं कापड टाका. उजेड एका बाजूने येत असेल तर सगळ्या अळ्या एकाच कोपऱ्यात गोळा होतात आणि बाकीच्या पाट्या वाया जातात.

भांडी: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या हातून सगळ्यात मोठं नुकसान झालं ते इथे, म्हणून जरा सविस्तर.

अळी तयार होण्याआधी तिला गॅबा किंवा शेवाळाचा संकेत अगदी थोडा, बसवायला पुरणार नाही इतका मिळत राहिला, तर ती त्याला सरावते. नंतर पूर्ण डोस दिला तरी दाद देत नाही. हे मोर्स यांच्याच प्रयोगशाळेत १९८६ साली दाखवलं गेलं. संकेत पकडणाऱ्या ग्राही-रेणूंची उपलब्धताच कमी होते. म्हणजे अळी हट्टी झालेली नसते, तिला तो वास येईनासाच झालेला असतो. अशा वेळी डोस वाढवला की तीव्रता गुंगीच्या पातळीला जाते आणि दुसऱ्या लक्षणाचं तिसरं होतं.

आमच्याकडे एका वर्षी लागोपाठ चार तुकड्या अशा गेल्या. वय बरोबर, तापमान बरोबर, गॅबाचा स्टॉक ताजा, शेवाळ ताजं. शेवटी मी संध्याकाळी सिंकपाशी उभा राहून भांडी कशी धुतली जातात ते बघितलं. बसवण्याचे बीकर आणि अळ्या वाढवण्याचे बीकर एकाच बादलीत, एकाच स्पंजने. शिवाय वाढवण्याच्या टाकीत पाणी भरायची नळी आदल्या दिवशी गॅबाच्या टाकीत बुडवून ठेवलेली. दोन बादल्या घेतल्या, दोन स्पंज, नळीच्या तोंडाला लाल चिकटपट्टी. पाचवी तुकडी बसली.

तेव्हा हे तपासा. वाढवण्याच्या आणि बसवण्याच्या वस्तू पूर्ण वेगळ्या आहेत का. चाळण्यासुद्धा. शंभर-दीडशे मायक्रॉनच्या जाळीत पाणी धरून राहतं हे कोणाच्या लक्षात येत नाही. वाढवण्याच्या टाकीत कोणी "नैसर्गिक वाटावं" म्हणून गुलाबी शेवाळाचा दगड ठेवलाय का. टाकीच्या भिंतींवर बुळबुळीत थर चढलाय का. तो थर जिवाणूंचा असतो, त्यावरही अळी भलत्या वेळी टेकते आणि बलक संपवते.

सरावलेल्या तुकडीवर मी गॅबा वाढवत नाही. गाळलेल्या स्वच्छ पाण्यात, धुतलेल्या भांड्यात ठेवतो आणि दोन दिवसांनी थोड्या अळ्यांवर परत चाचणी घेतो. नाही बसल्या तर तुकडी सोडून देतो. जीव जातो, पण त्या अळ्यांमागे टाकी अडकवून ठेवली तर पुढची तुकडीही जाते.

शेवाळ आणि पाट्या

कोरलाइन शेवाळ जिवंत हवं. ताजा तुकडा गुलाबी ते जांभळट असतो. कडेने पांढरा पडायला लागला की त्यातला जीव चाललाय. फ्रीजमध्ये ठेवलेला, गोड्या पाण्याने धुतलेला, उन्हात पडलेला तुकडा दगड म्हणूनच उरतो. वरचे हिरवे धागे मऊ ब्रशने काढा आणि भिंगाखाली बघून बारीक किडे, कोपेपॉड वेचा. त्यातले काही किडे आत्ताच टेकलेल्या अळ्या खातात, आणि आपण म्हणतो बसल्याच नाहीत.

डायटमच्या, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचा थर चढवलेल्या, पाट्या वापरत असाल तर थर पातळ, तपकिरी, बोट फिरवलं तर जेमतेम रंग लागेल इतका असावा. जाड थर सोलपटून निघतो आणि अळीसकट खाली येतो. जपानी हॅचऱ्यांत जुनी रीत आहे. आधी लहान अ‍ॅबलोन त्या पाटीवर चरवून घ्यायचे आणि मग नव्या अळ्या सोडायच्या. चरून गेलेल्या जागी त्यांचा चिकट माग राहतो आणि अळ्या त्याकडे ओढल्या जातात. आमच्याकडे ज्या हंगामात चांगलं शेवाळ मिळत नाही तेव्हा मी हेच करतो. गॅबाची गरजच पडत नाही.

गॅबाचं गणित

आता बाटलीकडे या. लाल अ‍ॅबलोनला १ मायक्रोमोल तीव्रता पुरते. गॅबाचं रेणुभार १०३ आहे, म्हणजे लिटरला ०.१०३ मिलिग्रॅम. एवढं काट्यावर मोजता येत नाही, म्हणून १०.३ मिलिग्रॅम गॅबा १०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. हा झाला १ मिलिमोलचा स्टॉक. यातलं १ मिलिलिटर दर लिटर समुद्राच्या पाण्याला. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो, दोन घरं सरकलं की शंभरपट, आणि मग तिसरं लक्षण. स्टॉकच्या बाटलीवर "१ मि.लि. प्रति लिटर" असं ठळक लिहून ठेवा. हिशेब दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, रात्रीच्या पाळीत तर नक्कीच.

स्टॉक जुना नको. गॅबा म्हणजे जिवाणूंचं आयतं अन्न. उघडझाप केलेल्या बाटलीत काही दिवसांत तो संपतो आणि आपण नुसतं पाणी घालत राहतो. एकदाच्या वापराच्या छोट्या कुप्या भरून गोठवून ठेवा. आणि टाकीत गॅबा घातल्यावर एका दिवसाने पाणी बदला. तसंच राहू दिलं तर त्याच अन्नावर जिवाणू वाढतात आणि नुकतंच बसलेलं पिल्लू त्यात घुसमटतं. चौथ्या लक्षणाचं हे दुसरं कारण.

चार बीकरची चाचणी

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि तरी बसत नसतील, तर थोडा खर्च करा. चार स्वच्छ बीकर, प्रत्येकात एकाच तुकडीतल्या मोजून पन्नास-साठ अळ्या. पहिल्यात नुसतं गाळलेलं पाणी. दुसऱ्यात जिवंत शेवाळाचा तुकडा. तिसऱ्यात ताजा गॅबा. चौथ्यात लिटरला ०.७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे नेहमीपेक्षा साधारण ९ मिलिमोल जास्तीचं पोटॅशियम. पोटॅशियम ग्राहीला वळसा घालून थेट पेशीच उत्तेजित करतं, म्हणून ही चाचणी इतकी कामाची. चोवीस तासांनी आणि बहात्तर तासांनी मोजा.

शेवाळावर बसल्या पण गॅबावर नाही, तर स्टॉक खराब. शेवाळ आणि गॅबा दोन्हींवर नाही पण पोटॅशियमवर बसल्या, तर अळ्या सरावल्यात. भांड्यांच्या मुद्द्याकडे परत जा. नुसत्या पाण्यातही बऱ्याच बसल्या, तर बीकर स्वच्छ नव्हते, चाचणी रद्द. चारही बीकरमध्ये काहीच नाही, तर अळ्या तयार नाहीत किंवा आजारी आहेत किंवा पाणीच बिघडलंय.

पाणी

हे शेवटी ठेवलंय कारण इथे घरगुती उपाय संपतात. क्लोरीनने निर्जंतुक केलेलं पाणी वापरत असाल तर थायोसल्फेटने क्लोरीन मारलाय का आणि नंतर पट्टीने तपासलाय का, एवढं तुम्ही करू शकता. तांबं, पितळ, जस्ताचा मुलामा असलेला एकही भाग पाण्याच्या वाटेत नको. गोगलगायींच्या अळ्यांना तांबं लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असलं तरी बाधतं. आमच्याकडे एकदा पंप दुरुस्त करताना प्लास्टिकच्या जागी पितळी व्हॉल्व्ह बसला होता. मोठ्या अ‍ॅबलोनना काही झालं नाही, अळ्या मात्र दोन महिने तळाला गेल्या की मिटून पडत होत्या. दुरुस्तीची वही चाळताना तो सापडला.

कुठे थांबायचं

वेगवेगळ्या पालकांच्या दोन तुकड्या चार बीकरच्या चाचणीत पोटॅशियमलाही दाद देत नसतील, तर पुढे काही घालून बघू नका. पाण्याचा नमुना धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. अळ्यांचे शंख वाकडे, अर्धवट किंवा पाय आत न जाणारे असे मोठ्या प्रमाणात दिसत असतील तर दोष बसवण्यात नाही, अंड्यात किंवा फलनाच्या वेळी आहे. पालकांचं खाणं आणि अंडी सोडायला लावण्याची पद्धत तपासायला अनुभवी प्रजनन तज्ज्ञ बोलवा. आणि पालक अ‍ॅबलोनचा पाय सुकून आक्रसलेला, धरण्याची ताकद गेलेली दिसली तर लगेच जलचर रोगांच्या तज्ज्ञाला कळवा. विदरिंग सिंड्रोम हा जिवाणूजन्य आजार आहे, कोमट पाण्यात बळावतो आणि टाकीतून टाकीत जातो. त्या दिवसापासून कोणतंही भांडं, पाणी किंवा प्राणी बाहेर देऊ नका.

पालक कमी पडले म्हणून समुद्रातून आणायचा विचारही परस्पर करू नका. कॅलिफोर्नियात लाल अ‍ॅबलोनची हौशी पकड २०१८ पासून बंद आहे. २०१४ नंतर उत्तरेकडची केल्पची, म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळाची, जंगलं गेली आणि त्यांच्यावर जगणारे अ‍ॅबलोन उपाशी मेले. पांढरा अ‍ॅबलोन २००१ पासून आणि काळा २००९ पासून संकटग्रस्त यादीत आहेत, त्यांना हात लावणं गुन्हा आहे. शेवाळ गोळा करायलाही परवानगी लागते का ते राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाला आधी विचारा.

तज्ज्ञाला नमुना पाठवताना बाटलीवर फक्त "अळ्या" लिहून पाठवू नका. फलनाची तारीख आणि वेळ, तेव्हापासूनचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान, गॅबा कधी आणि किती घातला, शेवाळ कुठलं, चार बीकरचे चोवीस आणि बहात्तर तासांचे आकडे, आणि गेल्या सहा महिन्यांत पाण्याच्या वाटेत बदललेला प्रत्येक नळ आणि व्हॉल्व्ह, हे एका कागदावर लिहून पिशवीत घाला.